कागदाचं माहेर

मंदा,

तू गेल्यावर तुझ्याबद्दल चार ठिकाणी लिहून आलं. रोह्याच्या साप्ताहिकात, तुझ्या कॉलेजच्या वार्तापत्रात, ग्रंथपालांच्या पत्रकात आणि आमच्या पेणच्या वाचनालयाच्या फळ्यावर. चारही ठिकाणी तू शांत आणि मितभाषी होतीस. मी चारही मजकूर टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि तुझ्या पद्धतीने खालून वर गेले. फळ्यावरचं पत्रकातून उतरवलेलं, पत्रकातलं वार्तापत्रातून, वार्तापत्रातलं साप्ताहिकातून, आणि साप्ताहिकाला सांगितलं तुझ्या धाकट्या दिरांनी. दीर ठाण्याला राहतात. गणपतीत दोन दिवस येतात आणि त्या दोन दिवसांत तू स्वयंपाकघरात असायचीस. म्हणजे सांगणारे चार नाहीत, एकच. आणि त्याने तुला बोलताना ऐकलेलंच नाही.

मी ऐकलंय. म्हणून हे लिहायला बसले.

तू रोह्याला कॉलेजच्या ग्रंथालयात, मी पेणला सार्वजनिक वाचनालयात. एका शनिवारी तू एसटीने माझ्याकडे यायचीस, पुढच्या शनिवारी मी तुझ्याकडे. प्रबंध लिहिणारे, भातशेतीवर काम करणारे, कंपन्यांच्या सांडपाण्याचा अभ्यास करणारे असे कोण कोण प्रश्न घेऊन यायचे आणि आपण दोघी मिळून त्यांना माहिती शोधून द्यायचो. सुरुवातीची वर्षं अडचण एकच होती, काही सापडायचं नाही. एखादा जुना अहवाल मिळाला की तू वडा खायला घालायचीस. मग तुझ्या कॉलेजात संगणक आला, त्याला फोनची तार जोडली, आणि बघता बघता अडचण उलटी झाली. एक शब्द टाकला की पानंच पानं. मुंबईहून येणारी मुलं तर भारेच घेऊन यायची. "मॅडम, एवढं मिळालंय. यातलं खरं कुठलं?"

माझा उपाय माझ्या स्वभावातला होता. मी तक्ता करायचे. कोणती गोष्ट किती ठिकाणी आली आहे ते मांडायचं, जी जास्त ठिकाणी ती वर. तू मला यादीबाई म्हणायचीस ते तेव्हापासून. तुझा उपाय म्हणजे पदर खोचून फरशीवर बसायचं आणि सगळे कागद पसरायचे. एकेक उचलून विचारायचीस, "याचं माहेर कुठलं?" कोण सांगतंय, त्याला कुणाकडून कळलं, त्या कुणाला आणखी कुणाकडून. शेवटी जो म्हणेल की मी स्वतः पाहिलं, मी स्वतः मोजलं, तिथे माहेर. माहेर न सापडलेला कागद तू फाडायची नाहीस, खिडकीत वेगळा ठेवायचीस. "असेल बापडी कुणाची तरी," म्हणायचीस.

आणि आपलं भांडणही तेव्हापासूनचं. मी म्हणायचे, आपण सगळं नीट लावून द्यावं, निवड करायचं काम संशोधकाचं. तू म्हणायचीस, "भाजीवालीसुद्धा किडकी वांगी बाजूला काढते गं. आपण तेवढंही करायचं नाही?" मी म्हणायचे, कीड आहे की नाही हे ठरवणाऱ्या आपण कोण? यावर तू चष्मा काढून पुसायला लागायचीस. म्हणजे लढाई सुरू.

ती खरी पेटली अनघाच्या वेळी.

अनघा मुंबईची. खाडीकाठच्या खारजमिनींवर प्रबंध करत होती. माघातल्या त्या शनिवारी ती दोन पिशव्या भरून कागद घेऊन माझ्याकडे आली, चेहरा उतरलेला. सोमवारी अलिबागला एका सरकारी समितीपुढे तिला टिपण द्यायचं होतं. वडखळच्या खाली खाडीकडे एक गाव आहे, त्याचं नाव इथे लिहीत नाही. आदल्या भाद्रपदात त्या गावाच्या बांधाला खांड गेली होती. बांध फुटून खाडीचं खारं पाणी भाताच्या शेतात शिरलं आणि ते दर भरतीला येतच राहिलं. बांध कशामुळे फुटला एवढंच समितीला ठरवायचं होतं. उधाणाच्या मोठ्या भरतीने फुटला असेल तर ती निसर्गाची करणी; शेतकऱ्यांना एकदा मदत मिळणार आणि फाइल बंद होणार. उघाडीमुळे फुटला असेल, म्हणजे शेतातलं पाणी खाडीत सोडायचं जे दार असतं ते मोडकं होतं म्हणून फुटला असेल, तर दुरुस्ती खात्याच्या गळ्यात पडणार.

मी दुपारपर्यंत तक्ता केला. इंग्रजी वर्तमानपत्राचं पान, परदेशातल्या एका संस्थेचं पान, सीडीवरचा गोषवारा, कुणा विद्यार्थ्याचा निबंध, असे सगळे मिळून सात. सातही जण सांगत होते, उधाणाच्या भरतीने बांध फुटला. मी खाली रेघ मारली आणि अनघाला चहा दिला. पोरगी पहिल्यांदा हसली.

तेवढ्यात तू आलीस. चपला काढता काढता तक्ता पाहिलास.

"यादीबाई, सात कुठे आहेत?"

मी म्हटलं, मोज.

तू मोजलं नाहीस. फरशीवर बसलीस. थोड्या वेळाने सातही कागदांवर एकाच ओळीखाली पेन्सिलीची खूण होती. सातही जणांनी ते गाव अलिबाग तालुक्यात घातलं होतं. गाव आहे पेण तालुक्यात. मग तू माझ्याकडे पाहिलंस, आणि तुझ्या डोळ्यांत ते आलं जे मला कधीच आवडायचं नाही.

"तुझं सासर हमरापूरचं ना? तुमच्या कारखान्यात एका साच्यातून किती गणपती निघतात? साच्याच्या कानाला चीर असली तर सगळ्या गणपतींच्या कानाला तीच चीर. म्हणून काय गणपतीच्या कानाला चीर असते असं म्हणायचं?"

अनघा बघतच राहिली. मी म्हटलं, चीर कानाला आहे, बाकी मूर्ती बरोबर असू शकते. हे मी आजही म्हणते. तालुका चुकला म्हणून उधाणही चुकलं, असं होत नाही. तूही ते मान्य केलंस, फक्त मोठ्याने नाही.

संध्याकाळी आपण साच्यापर्यंत पोचलो. एका वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी. त्यात लिहिलं होतं, 'जाणकारांच्या मते'. जाणकाराचं नाव नाही, गाव नाही. पुढे रस्ता बंद.

अनघाचे डोळे भरले. आता नवीन काय शोधणार आणि सोमवारी काय देणार? मी म्हटलं, सातही दे, शेजारी शेरा लिही की मूळ एकच आहे, आणि मोकळी हो. तू चष्मा पुसलास आणि म्हणालीस, "उद्या रविवार आहे. जाऊन विचारू."

वडखळपर्यंत एसटी, पुढे सहा आसनी रिक्षा, मग बांधावरून चालत. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूलाही खाडीच, कारण शेतं उरली नव्हती. पाण्यातून भाताची काळी पडलेली धसकटं वर आली होती. खांडीच्या सर्वांत जवळचं घर हिराबाईचं होतं. तिने पाणी दिलं, बसायला पोतं टाकलं आणि आपण काही विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

"उधान आलेला गो. मोटा उधान. साहेब बोलले, समद्यांनी तसाच सांगाचा, मंग मदत येल."

अनघाने माझ्याकडे पाहिलं. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाटलं, हे घे माहेर. डोळ्यांनी पाहिलेली बाई.

तू भरतीबद्दल एक शब्द विचारला नाहीस. तू विचारलंस, त्या दिवशी घरात जेवायला काय केलं होतं.

हिराबाईचा सगळा चेहरा बदलला. "अगो, गौरीचा जेवान होता ना! वडं तललेले. आरतीची टायम. पोरी झिम्मा खेलत होत्या आंगनान. आन नामा धावत आला, बोलला, खांड गेली. गौर तशीच ठेवली नि धावलो."

"आणि पाऊस?"

"नाय गो. पाऊस असता तं पोरी आंगनान खेलल्या असत्या का?"

पेला खाली ठेवलास. मला काहीच कळलं नव्हतं. तू उठून बांधावर गेलीस, आम्ही तुझ्यामागून. तिथे तू अनघाला सांगितलंस. तुझं माहेर मिठागरावरचं. तुझे वडील आगरात पाणी घ्यायचे ते तिथीवरून. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तू पाढ्यांसारखं शिकलेलीस. उधाण येतं अमावास्येला आणि पुनवेला. अष्टमीच्या आसपास भरती सगळ्यांत लहान, तिला भांग म्हणतात. आणि गौरी जेवतात त्या भाद्रपदातल्या अष्टमीला, एखादा दिवस मागे किंवा पुढे. "अष्टमीची पाऊणपट सहा. सहाची भरती, म्हणजे आरतीची वेळ बरोबर आहे. पण पाणी भांगाचं होतं. गौरीजेवणाला उधाण आलेलं मी जन्मात पाहिलं नाही. पाऊस नव्हता. मग एवढ्याशा पाण्याने बांध गेला कसा? ती बघ उघाडी."

आम्ही पाहिली. दगडी चौकट उभी होती, दारं नव्हती. एक फळी तिरकी लोंबत होती. कितीतरी महिने रोजची भरती त्यातून आत येत असणार, ओहोटीला बाहेर जात असणार, आणि जाता-येता शेजारची माती नेत असणार. खांड उघाडीला अगदी लागूनच होती.

हिराबाईचा मुलगा नामदेव मागे येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे आमची मदत कापनार तुमी?"

तू म्हणालीस, मदत देणं-कापणं माझ्या हातात नाही. पण उधाण आलं असं मी लिहायला सांगणार नाही.

"खोटा कोन बोल्ला? पानी घुसला का नाय आमचे शेतान?"

"घुसलं."

"मंग?"

मंदा, मी तुझा चेहरा पाहत होते. तुझा हात अनघाच्या पिशवीवर होता आणि पिशवीचा बंद तू बोटाला गुंडाळत होतीस. मी तुला बाजूला घेतलं. म्हटलं, या लोकांनी दाणा पाहिलेला नाही यंदा. दोन्ही लिहू दे तिला. हे असं म्हणतात, ते तसं म्हणतात, समिती काय ते बघेल. तू माझ्यावर ओरडलीस. नामदेवसमोर, अनघासमोर. "समितीला तेच हवंय! दोन्ही लिहिलं की ती सोपं तेवढं उचलणार. मदत घेऊन ही माणसं मोकळी होतील आणि दाराशिवायची उघाडी आहे तिथेच. पुढच्या वर्षी पुन्हा खांड जाईल, तेव्हा कुठला तक्ता दाखवशील यांना?"

परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसलीस आणि मी पुढे ड्रायव्हरच्या मागे. वाचनालयात येऊन अनघाने टिपण लिहिलं. आपण दोघी दोन टेबलांवर. निवड तिची होती, तिने तुझं घेतलं. दिवस गौरीजेवणाचा, हे हिराबाईने पाहिलेलं. भरती भांगाची, हे पंचांगावरून. उघाडीला दारं नव्हती, हे आम्ही तिघींनी पाहिलेलं. उधाणाची बातमी एकाच ठिकाणून निघालेली, सांगणारा अज्ञात. असं सरळ, चार परिच्छेदांत. त्या दोन पिशव्यांतला एकही कागद तिने जोडला नाही.

त्यानंतर जे झालं ते तुला माहीत आहे, पण आपण ते एकमेकींशी कधी पूर्ण बोललो नाही. खात्याने चौकशी मागे लावली, आणि चौकशी चालू असताना मदत देता येत नाही. ती थांबली. नामदेव एका दुपारी पेणच्या वाचनालयात आला. वर्तमानपत्रं वाचणारे म्हातारे बसले होते, त्यांच्यासमोर उभं राहून त्याने मला विचारलं, पुस्तकवाल्या बायांनो, आता आम्ही तुमची पुस्तकं खायची का? मी त्याला खुर्ची दिली. तो बसला नाही.

मी तुला फोन केला. त्याचा प्रत्येक शब्द सांगितला. तू म्हणालीस, "हं." मग मी म्हणाले, दोन्ही लिहिलं असतं तर. तू फोन ठेवलास. दिरांना मितभाषी तू कुठे दिसलीस मला ठाऊक नाही. मला ती तेवढी एकदा दिसली.

शनिवार चालू राहिले. कागद आले, माणसं आली. तू फरशीवर, मी तक्त्याशी. त्या गावाचं नाव तेवढं निघायचं नाही. आणि एक गोष्ट मी तुला दाखवली नाही. त्या माघानंतर माझ्या तक्त्यात एक नवा रकाना आला आहे. त्याच्या डोक्यावर लिहिलंय, 'माहेर'. किती ठिकाणी आलं हा रकाना मी काढून टाकला. तुला दाखवलं असतं तर तू आठवडाभर हसली असतीस आणि रोह्याच्या स्टँडवर सगळ्या कंडक्टरांना सांगितलं असतंस. म्हणून रोह्याला येताना मी तक्ता पिशवीत तळाशी ठेवायचे. आता वाटतं, हसली असतीस तर बरं झालं असतं.

तू आजारी पडलीस तेव्हाही बदलली नाहीस. नर्सने गोळी पुढे केली की विचारायचीस, ही कुणी सांगितली. डॉक्टरांनी म्हटल्यावर, कोणत्या? ती बिचारी चिडायची. तुझ्या घरचे कुणाकुणाच्या संगणकावरून तुझ्या दुखण्याची पानं काढून आणायचे आणि उशाशी ठेवायचे. एकात लिहिलेलं, हे दुखणं बरं होतं; दुसऱ्यात लिहिलेलं, होत नाही. तू मला म्हणालीस, "यादीबाई, यांची माहेरं शोधायची माझ्यात ताकद नाही. तू बघ." मी घरी नेऊन पाहिली. ज्या पानात बरं होतं म्हटलं होतं, त्याला माहेर नव्हतं. मी तुला सांगितलं नाही. तू विचारलंही नाहीस. तुला कळलं असणार.

विचारलंस ते वेगळंच. श्रावणातला तो सोमवार, बाहेर उघडीप होती. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "त्या उघाडीला दारं बसली का गं?"

म्हटलं, विचारून सांगते.

"विचारून नको. बघून सांग."

मी घरी येऊन तिकडच्या तिघांना फोन केले. तिघेही म्हणाले, व्हय, पावसाच्या आधी बसली. मी तुझ्याकडे दुसऱ्या दिवशी आले तेव्हा हे ओठांवर होतं. पण त्या तिघांतला कुणीच बांधावर गेलेला नव्हता. मी तुझी उशी सारखी केली आणि म्हटलं, रविवारी जाऊन बघते. तू मान हलवलीस. तुझा रविवार आला नाही.

मी सांगायला हवं होतं का, मंदा? तिघे म्हणाले होते. पण तिघे म्हणजे तिघे नव्हेत, हे मला शिकवणारी तूच.

काल गौरीजेवण होतं. घरचं आवरलं, सुनेला राहिलेल्या कामांची यादी दिली आणि दुपारी निघाले. वडखळ, तिथून रिक्षा, मग बांध. हिराबाईने लांबून ओळखलं. अंगणात पोरी खेळत होत्या. बसायला पोतं टाकलं आणि तिने माझ्यामागे पाहिलं.

"ती रोह्याची नाय आली?"

मी सांगितलं.

ती पोत्याचं दुमडलेलं टोक सरळ करत राहिली. मग म्हणाली, "माजा नामा अजून शिव्या देतो तिला."

म्हटलं, देऊ दे.

"मदत नाय आली ती नायच आली." तिने पदराने तोंड पुसलं. "पन औंदा पानी नाय आला."

बांध दुरुस्त झालाय. दारं का बसली हे मी विचारलं, कारण तू विचारलं असतंस. कुणी म्हणतं अनघाच्या टिपणामुळे. कुणी म्हणतं नवा साहेब चांगला आला. हिराबाई म्हणते, आम्ही बाया कचेरीच्या दारात जाऊन बसलो तेव्हा. तिन्हींच्या मुळाशी मला जाता आलं नाही. खिडकीत ठेवलंय. तू बरोबर होतीस असं मी लिहिणार नाही, त्याचं माहेर मला सापडलेलं नाही. ज्या वर्षी त्या घरात दाणा नव्हता त्या वर्षीचं काय, हे मी तुला पुन्हा विचारणार होते, आणि तू पुन्हा ओरडणार होतीस. ते राहिलं.

मग मी उघाडीवर गेले. एकटीच. सहाची भरती, तुझ्या पाऊणपटीने. भांगाचं पाणी, काही घाई नसल्यासारखं चढत होतं. आतल्या बाजूला शेतं हिरवी, भात पोटरीला आलेलं. दारं नव्या लाकडाची आहेत, डांबर लावलेली. तोवर ती जराशी उघडी होती आणि शेतातलं पाणी बारीक धारेने खाडीत जात होतं. खाडीचं पाणी त्यांना टेकलं. धार थांबली. दारं थोडी हलली, आणि मग कुणी हात न लावता पाण्याच्याच रेट्याने मिटली. मी अंधारून येईपर्यंत उभी होते. आत थेंबही आला नाही.

हिराबाईने तुझ्या घरी द्यायला वडे दिले आहेत. शनिवारी रोह्याला येईन तेव्हा देईन.

कोण सांगतंय, तर मी. कुणाकडून कळलं, तर कुणाकडून नाही.

दारं बसली आहेत, मंदा. मी बघून आले.